शनिवारचा न उचललेला फोन

परदेशी गेलेल्या किंवा जायला निघालेल्या घरांचे प्रश्न या पानावर घेते. मी स्वतः २००७ ते २०१८ नवरा आणि दोन मुलांसह जर्मनीत स्टुटगार्टला राहिले, आता पुन्हा पार्ल्यात आहे. जे अनुभवलं त्यावरूनच लिहिते.

प्रश्न : माझा मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू गेल्या जूनमध्ये स्टुटगार्टला गेले. मी दादरला एकटी असते, शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. शनिवारी दुपारी जेवण आवरलं की मी निवांतपणे फोन लावते, तर तो बहुतेक वेळा उचललाच जात नाही. रात्री नऊला लावला तर ‘आई, नंतर करतो’. आणि रविवारी रात्री मात्र फोटो येतात. कधी तळ्याकाठचे, कधी किल्ल्यावरचे, एकदा तर फ्रान्सचे. फिरायला वेळ आहे, आईशी बोलायला नाही, असं मनात येतं. मग असा विचार केल्याची लाजही वाटते. माझं काही चुकतंय का?
– एक आई, दादर

उत्तर : काकू, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझी आई पार्ल्याहून अगदी हेच म्हणायची. तेव्हा तिला जे नीट सांगता आलं नाही, ते आज तुम्हाला सांगते.

आधी घड्याळ बघू. उन्हाळ्यात मुंबई जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असते आणि हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात. तुम्ही शनिवारी दुपारी दोनला फोन लावता तेव्हा तिथे सकाळचे साडेदहा किंवा साडेनऊ झालेले असतात. आठवड्यातली सगळ्यात धावपळीची वेळ हीच. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे तिथले साडेपाच किंवा साडेचार. कामाच्या दिवशी त्या वेळी दोघांपैकी एकजण पाळणाघरातून मुलाला घेऊन ट्रॅममध्ये उभा असतो आणि दुसरा ऑफिसातून निघालेला असतो.

आता तो शनिवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. स्टेशनातली काही दुकानं आणि सकाळी थोडा वेळ उघडणारी बेकरी सोडली तर काही मिळत नाही. दूध संपलं म्हणून खालच्या वाण्याकडे मुलाला पिटाळायची सोय नाही. त्यामुळे पूर्ण आठवड्याची भाजी, पीठ, दूध, साबण शनिवारीच. बाजाराला निघताना रिकाम्या बाटल्यांची पिशवीही बरोबर. पाण्याच्या किंवा सरबताच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत भरलेली असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की परत मिळते. आमचा मुलगा ते काम मोठ्या अभिमानाने करायचा, पाच बाटल्यांचे सव्वा युरो मोजून घ्यायचा. मग तळघरात धुणं. मग स्वयंपाक, आणि तोही दोन दिवसांचा, कारण भांडीवाली नाही, पोळ्यांना बाई नाही, आजी नाही.

आणि जिना! स्टुटगार्ट ज्या श्वाबेन भागात आहे, तिथे ‘केअरवोख’ नावाची रीत आहे, म्हणजे केर काढायचा आठवडा. इमारतीतल्या बिऱ्हाडांची पाळी लागते. ज्यांची पाळी त्यांच्या दाराला एक पाटी टांगलेली असते. त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा. मोठी पाळी आली की अंगण, तळघराची वाट आणि घरापुढचा पदपथही. बर्फ पडलं तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत पदपथ मोकळा हवा. आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं होती, म्हणजे एक आठवडा पाटी आमच्याकडे, एक आठवडा समोरच्या बाईंकडे. पहिल्या महिन्यात मी जिना नुसता झाडला, तर त्यांनी दार वाजवून मला पायरीच्या कडेची धूळ दाखवली. मला रडू आलं. पुढे त्याच बाईंनी माझ्या मुलीला सायकल शिकवली, हेही लिहायलाच हवं.

अशाच एका शनिवारी मी ओलं फडकं घेऊन जिन्यात बसले होते. शेगडीवर कुकर होता, धाकटा दारात रडत होता आणि आत फोन वाजत होता. तो आईचा आहे हे मला माहीत होतं. मी उठले नाही. रात्री फोन केला तर आई म्हणाली, ‘तुला वेळ नसेल तर राहू दे.’ तिचं ते ‘राहू दे’ मला अजून ऐकू येतं.

आता राहिला रविवार, ज्याचे फोटो तुम्हाला टोचतात. त्या दिवशी तिथे शांतता पाळायची असते. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. चार वर्षांचं मूल घरात पळालं की खालच्या मजल्यावर ऐकू जातं, म्हणून आईवडील त्याला सारखं ‘हळू, हळू’ करत राहतात. खिडकीबाहेर माणूस दिसत नाही. ज्याचं बालपण दादरच्या गलक्यात गेलं, त्याला त्या शांततेत घराची फार आठवण येते. म्हणून लोक बाहेर पडतात, काकू. आम्हीही पडायचो. सकाळी डब्यात थालीपिठं घ्यायची, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचं एक दिवसाचं रेल्वे तिकीट काढायचं, आणि निघायचं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, मात्र फक्त साध्या गाड्यांनी. त्या गाडीत माझा नवरा आठवडाभरात पहिल्यांदा मुलांशी सलग दोन तास बोलायचा. फोटोतल्या तळ्यामागे ते दोन तास असतात.

तुमचं चुकत नाही. वेळ तेवढी बदला. रविवारी दुपारी दीडला फोन करा. तिथे दहा किंवा नऊ वाजलेले असतात, न्याहारी चाललेली असते आणि बाहेर पडायला अवकाश असतो. आठवड्यात मधेच मिनिटभराचा आवाजी निरोप पाठवा. आज काय केलंत, कोण भेटलं, शिवाजी पार्कात काय दिसलं एवढंच सांगा, त्यात उत्तराची अपेक्षा ठेवू नका. तो निरोप मुलगा ट्रॅममध्ये ऐकेल. आणि ‘कसे आहात’ ऐवजी विचारा, ‘या आठवड्यात पाटी कोणाकडे?’ आपल्या रोजच्या कामाचं नाव आईला ठाऊक आहे हे कळलं ना, की मुलं आपणहून बोलू लागतात.

एक अजून. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. मी आईला हे सांगितलं त्या दिवशी ती म्हणाली, ‘म्हणजे तू मावशीकडेच आहेस.’ तुम्हालाही त्याचा थोडा आधार वाटेल म्हणून लिहिलं.

प्रश्न : मावशी, आम्ही एप्रिलमध्ये म्युनिकला चाललोय. मुलगी पाच वर्षांची आहे. नवऱ्याने पहिल्या वर्षात दहा देशांची यादी केली आहे, कारण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, वेगळा व्हिसा लागत नाही. मला मात्र आधी घर लावायचं आहे. कोणाचं बरोबर?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुझं. जर्मनीचा निवास परवाना हाती आला की इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण ते देश पुढच्या वर्षीही तिथेच असतील. घर मिळालं तरी त्यात ओटा, सिंक, शेगडी काहीच नसेल, असं तिथे सर्रास होतं. स्वयंपाकघर आपण विकत घ्यायचं. अनामत रक्कम भाड्याच्या तिपटीपर्यंत, आणि राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नाव नोंदवायचं. इथल्या बँकेला कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं खातं, करून घ्यायचं, तेही निघायच्या गडबडीत राहून जातं.

आम्ही पहिल्या ईस्टरला बसच्या सहलीतून चार दिवसांत पाच शहरं केली. धाकट्याला तिसऱ्या दिवशी ताप आला. मुलांना आज त्यातलं एकही शहर आठवत नाही. त्यांना आठवतं ते उल्म. तिथल्या चर्चचा मनोरा १६१ मीटरहून उंच आहे, त्या काळी जगातल्या चर्चमध्ये सर्वांत उंच. पायऱ्या ७६८. लेकीने त्या मराठीत मोजल्या आणि एकोणसाठ-एकोणसत्तरमध्ये दरवेळी अडकली, म्हणून आम्ही तीनदा गेलो. आणि आठवतं कॉन्स्टान्स, कारण त्या गावात रस्ता ओलांडला की स्वित्झर्लंड लागतं आणि मुलगा एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून उभा राहिला होता.

पहिलं वर्ष म्युनिकला द्या. इझार नदीचा काठ, इंग्लिश गार्टन नावाची मोठी बाग, मुलीच्या बालवाडीजवळचं वाचनालय. चारही ऋतूंत एकाच तळ्यावर जा. म्युनिक ज्या बायर्न राज्यात आहे, तिथल्या एक दिवसाच्या बायर्न-तिकिटावर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत जाता येतं, म्हणजे नवऱ्याचा एक देश त्यातच झाला. रोज प्रवास असेल तर डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरातल्या साध्या गाड्या, ट्रॅम आणि बसचा महिन्याचा पास, घ्या. मे २०२३ मध्ये ते महिना ४९ युरोंना सुरू झालं, मग ५८ झालं आणि २०२६ पासून ६३ आहे. प्रत्येक किमतीला रुपयांनी गुणू नका. मी वर्षभर गुणत होते आणि तेवढं वर्ष मुलांना बाहेर आइस्क्रीमसुद्धा घेऊन दिलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रश्न : आमची नात कार्ल्सरूहला असते, सप्टेंबरात पहिलीत जाईल. आम्ही दोघं तीन महिने जायचं म्हणतोय. नात मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते. आम्हाला जर्मन येत नाही. काय न्यावं, आणि तिच्याशी कसं बोलावं?
– आजी-आजोबा, बोरिवली

उत्तर : व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तो लवकर करा. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. राहता येतं ९० दिवस, तेव्हा परतीची तारीख दिवस मोजून ठरवा.

नेण्याबाबत नीट ऐका. तूप, खवा, पनीर नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून युरोपीय संघात न्यायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता किंवा हापूस प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. माझ्या आईने साजूक तुपाची बरणी आणली होती, ती विमानतळावर तिच्यासमोर काढून घेतली. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आमसुलं न्या. तूप तिथल्या लोण्याचं सुरेख होतं.

भाषेची काळजी तुम्हीच मिटवाल, आणि ती जर्मन येत नाही म्हणूनच. माझा मुलगाही पाचव्या वर्षी मराठी प्रश्नाला जर्मन उत्तर द्यायचा, कारण मला कळतं हे त्याला माहीत होतं. आई तीन महिने राहिली. तिला खरोखरच कळत नव्हतं, त्यामुळे पाणी हवं, गोष्ट सांग, बूट घाल, सगळं मराठीत सांगणं त्याला भाग पडलं. दुसऱ्या महिन्यात तो आजीशी मराठीत भांडायला लागला. तेव्हा तुम्ही जर्मन शिकायची घाई करू नका. तिच्या वाक्यात जर्मन शब्द आले तर चुका काढू नका, विचारा, ‘म्हणजे काय गं?’ नातीला हेही सांगा की उल्ममध्ये जन्मलेले गुंथर सोन्थायमर नावाचे अभ्यासक होते. धनगरांच्या ओव्या आणि खंडोबाच्या कथा समजून घ्यायला ते महाराष्ट्रात हिंडले आणि हायडेलबर्गच्या विद्यापीठात शिकवत राहिले. कार्ल्सरूहहून हायडेलबर्ग जवळ आहे, तिला एकदा घेऊन जा.

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथे राहाल असं बघा. पहिलीच्या पहिल्या दिवशी तिथे प्रत्येक मूल ‘शूलट्यूटे’ घेऊन शाळेत जातं. मोठा कागदी शंकू असतो, खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला. दुकानात तयार मिळतो, पण पुष्कळ घरी आया-आज्या हातानेच करतात. आजी, एखाद्या जुन्या इरकलीचा काठ सामानात ठेवा आणि तो शंकूच्या तोंडाला शिवून द्या. आत खाऊबरोबर राजगिऱ्याच्या दोन वड्या टाका. त्या दिवशी आजोबांनी शाळेच्या दारात थांबायचं, म्हणजे बाहेर आल्यावर तिला काय झालं ते आधी मराठीत सांगावं लागेल.