‘मॉन्सून’ची चौकशी करताना

रेवदंडा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

‘मॉन्सून’वरचा तुझा लेख वाचला. मेहनत दिसते. पण ‘इंग्रजांनी हा शब्द आपल्या मोसमावरून घेतला’ हे वाक्य आधी खोड. मोसम आणि मॉन्सून ही चुलत भावंडं आहेत. मूळ अरबी शब्द ‘मौसिम’. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि मोसम झाला. दर्यावर तो पोर्तुगिजांनी उचलला, त्यांच्याकडून डचांकडे गेला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत दिसू लागला. शब्द कानाला सारखे लागले म्हणून नातं जुळवू नकोस. तो कोणाच्या तोंडून आला आणि कधी आला, हे दोन्ही विचारत जा.

आता अर्थाकडे ये, कारण तुझा लेख खरा तिथे अडलाय. तू ‘मॉन्सून म्हणजे पाऊस’ असं धरून चाललीस. अरबीत ‘वसम’ म्हणजे खूण करणं, उंटाला डाग देणं. त्यावरून मौसिम म्हणजे ठरलेला, नेमून दिलेला काळ: यात्रेचा, बाजाराचा, गलबत हाकारण्याचा. यात पाऊस कुठेच नाही. खलाशांना हवा होता तो वारा. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून वाहणारा वारा थंडीत फिरतो आणि ईशान्येकडून वाहू लागतो. ऐन आषाढातला खवळलेला दर्या टाळून, एका वाऱ्याने यायचं आणि दुसऱ्याने परतायचं, असा तो हिशेब. अल-मसूदी हा अरब प्रवासी आणि इतिहासकार इ.स. 916च्या सुमारास आपल्या चौलला आला होता. तेव्हा चौलचं नाव सैमूर. अरबी व्यापाऱ्यांची तिथे मोठी वस्ती होती. तुझ्या घरापासून सायकलवर जाता येईल अशा बंदरात हा शब्द पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीपासून बोलला जात असणार, असं मला वाटतं. हे तुझ्या लेखात यायलाच हवं होतं!

आणि बघ, अर्थ कसा उलटला. जो शब्द गलबत हाकारण्याच्या काळासाठी होता, तो आज आपल्या किनाऱ्यावर होड्या शाकारून ठेवण्याच्या काळाला लागतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की पुन्हा दर्या. हवामानशास्त्राने मात्र जुना अर्थ सोडलेला नाही. तिथे मॉन्सून म्हणजे ऋतूप्रमाणे दिशा बदलणारे वारे. म्हणूनच तमिळनाडूत हिवाळ्याच्या तोंडाला पडणाऱ्या पावसालाही ईशान्य मॉन्सून म्हणतात. मराठीतला ‘मोसमी वारे’ हा शब्द त्या मानाने किती नेमका आहे!

लिहिताना शब्दकोश उघडा असू दे, पण त्याच्यावरच थांबू नकोस. खाडीपलीकडे कोर्लईला जा. तिथली काही घरं आजही पोर्तुगीजमधून घडलेली ‘नौ लिंग’ बोलतात. त्यांच्या बायामाणसांजवळ बस, वाऱ्याला आणि पावसाला ते काय म्हणतात ते लिहून आण. आपली भाषा दाखवायला त्यांना संकोच वाटला तर घाई करू नकोस, दुसऱ्यांदा जा.

लेख दुरुस्त झाला की पाठव. त्यानंतर ‘मतलई’ घे. रात्री जमिनीवरून दर्याकडे वाहणाऱ्या वाऱ्याला आपले कोळी तो शब्द का लावतात, ते शोधून मला सांग.

तुझे,
सर