परदेशातल्या मिशनरींना घरबसल्या मदत कशी करावी?

तुम्ही विचारलंय, परदेशात सेवा करणाऱ्या मिशनरींसाठी नुसती प्रार्थना पुरते का, आणि पैसे द्यायचे तर किती नि कसे. किती ते तुमचं तुम्ही ठरवा. प्रार्थनेबद्दल मात्र सांगते, कारण आम्ही ती वर्षभर चुकीची केली.

माझी मावसबहीण नर्स. २०११ साली ती केनियातल्या एका मिशन हॉस्पिटलात गेली. ऐरोलीत आमच्या घरी दर शुक्रवारी प्रार्थना सभा असते. तिथे आम्ही न चुकता म्हणायचो, "प्रभू, आफ्रिकेतल्या आमच्या बहिणीला सांभाळ." आमेन, की चहा. वर्षाने ती सुट्टीवर आली. माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता म्हणाली, "ताई, तुम्ही माझ्यासाठी नेमकं मागता तरी काय?" मला सांगता येईना. तिच्या वॉर्डात कुठली भाषा बोलतात हेही मला ठाऊक नव्हतं.

तिने तिथेच वाणसामानाच्या वहीत लिहून दिलं. स्वाहिली अजून जमत नाही, बाळंतिणीला धीर देताना शब्द अडतात. मार्च ते मे तिथला मोठा पाऊस, मग मलेरियाचे पेशंट वाढतात. रविवारची संध्याकाळ खायला उठते. आणि सगळ्यात खाली: आईचे गुडघे. मावशी ठाण्यात एकटी, तिला दवाखान्यात कोण नेणार?

तेव्हापासून ती वही सभेत मधोमध असायची. इथे रात्री नऊला आम्ही प्रार्थनेला बसायचो, तेव्हा तिथे साडेसहा, तिची रात्रपाळी सुरू व्हायची वेळ. आणि महिला मंडळातल्या आम्ही चौघींनी मावशीच्या पाळ्या लावून घेतल्या, पुढची दोन वर्षं. मिशनरीच्या मागे राहिलेलं घर सांभाळणं ही पैशापेक्षा मोठी मदत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशाचा विषय मी चर्चच्या पंच कमिटीपुढे काढला तेव्हा एक वडीलधारे म्हणाले, "आधी चर्चचं गळकं छत बघा. मिशनला गोरे देतात, आपण घेणारे." हे मला अजून टोचतं. १८२७ मध्ये मिस सिंथिया फरार अमेरिकेहून मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरात त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांना पाठवणाऱ्या मंडळ्यांचीही छतं गळत असतीलच की! माझी पणजी मिशनच्याच शाळेत अक्षरं शिकली. आणि आपण फक्त घेणारे, हे तर साफ खोटं. नाशिकजवळच्या शरणपूर या मिशनच्या वसाहतीत गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली. १८७३ मध्ये मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, त्यांचं हृदय तिथेच पुरलं, तेव्हा दफनाची प्रार्थना त्या मुलांतल्याच जेकब वेनराइटने वाचली. शरणपूरची आणखी काही माणसं पुढे केनियातल्या मोंबासाजवळ फ्रीअरटाउन या मुक्त गुलामांच्या वस्तीत सेवेसाठी गेली. म्हणजे नाशिकहून आफ्रिकेला सेवक जाऊन दीडशे वर्षं होऊन गेली.

पैसे थेट परदेशी पाठवायचे तर बँकेत पॅन आणि ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) लागतो. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. पावती आणि हिशेब न देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

एक राहिलंच. काही देशांत मिशनरीचं नाव-गाव बाहेर गेलं तर त्याच्या जिवावर बेततं. तिथल्या मिशनरीची प्रार्थनेची वही व्हॉट्सॲपवर फिरवू नका. आणि कुणाच्या आईची जबाबदारी घेण्याआधी त्या आईला विचारा. मावशी पहिले दोन महिने नको नको म्हणत होती.

छत आम्ही दोन पावसाळ्यांत घातलं. मिशनचं महिन्याचं अर्पण त्या काळात एकदाही थांबलं नाही.