मन वळवणारा निबंध : आधी समोरच्याची बाजू लिहून काढ

अकरावीत आहेस, म्हणून एकेरीतच बोलतो. 'पूररेषेत नवीन बांधकामांना बंदी हवी' या विषयावर सांगलीतल्या स्पर्धेसाठी ६०० शब्द लिहायचेत, मुद्दे ढीगभर जमलेत, पण मांडणी जमत नाही, असं तू म्हणतेस.

मांडणी अडलीय ती कोणाला पटवायचं हे ठरलेलं नाही म्हणून. ज्याच्या घरात दर पुराला पाणी शिरतं, त्याला पटवायची गरजच नाही. हप्ते भरून नदीकडेला गुंठाभर जागा घेतलेला माणूस डोळ्यांसमोर आण. त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडी, अजिबात पातळ न करता लिही : "परवडणारी जागा इथंच मिळाली. पाणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं तुंबतं, मग शिक्षा मला का?" या दोन वाक्यांना उत्तर देणारे मुद्दे ठेव, बाकीचे काढ. निसर्गकोप, हवामानबदल, मानवाची हाव हे सगळं जाईल. जाऊ दे.

आता विधान, म्हणजे निबंधाची मुख्य मागणी. पूररेषा दोन असतात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आतला पट्टा नियमानं आधीच निषिद्ध आहे. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम चालतं. म्हणजे नुसतं 'बंदी हवी' लिहिलंस, तर जाणकार परीक्षक पहिल्याच ओळीला थांबेल. मी तरी असं लिहीन : 'प्लॉट विकतानाच नकाशावर दोन्ही रेषा दाखवणं सक्तीचं करा.' मागणी छोटी आहे, पण ती त्या प्लॉटवाल्याच्याही बाजूची आहे. त्याला फसवलं कोणी, हा प्रश्न मग आपोआप पुढं येतो.

अलमट्टीवर वाद घालत बसू नकोस. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, आणि आपल्याकडं ते अनेकांना आजही पटत नाही. ६०० शब्दांत हा वाद मिटणार नाही. 'कारण काहीही धरा, पाणी शिरतं ते त्याच सखल भागांत' एवढं मान्य करून पुढं सरक. समोरच्याचं थोडं मान्य केलं की तो पुढचं ऐकतो.

आकडे मोजकेच दे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. हे तीन आकडे एकाच वाक्यात ठेव आणि लगेच दत्तनगर किंवा सूर्यवंशी प्लॉट अशा पुरात बुडणाऱ्या वस्तीतलं एखादं घर दाखव : पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ, दारात वाळत घातलेल्या वह्या. असं घर तू स्वतः पाहिलं असशील तर तेच लिही.

सुरुवात सगळ्यांत शेवटी लिही. शेवटच्या परिच्छेदात 'आपण सर्वांनी मिळून' नको. महापालिकेनं काय करावं, दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त होताना कोणता नकाशा जोडलेला असावा, ते नावानिशी माग. कच्चा मसुदा झाला की इथं टाक, वाचतो.