क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर तीन महिने अनोळखी नावाने २९९ रुपये कापलेले दिसतात. कार्ड ब्लॉक करू का?

ब्लॉक करायच्या आधी तासभर शोध घ्या, पण आजचा दिवस जाऊ देऊ नका. तुम्ही लिहिलंय की तिन्ही महिने रक्कम तीच आहे आणि तारीखही जवळपास तीच. अशी ठरलेली वजावट बहुतेक वेळा सबस्क्रिप्शनचीच निघते. कार्डाची माहिती चोरणारा सहसा महिनोन्‌महिने २९९ वर समाधान मानत नाही.

गेल्या वर्षी माझ्या आईच्या कार्डावर हेच झालं. दर महिन्याच्या १२ तारखेला १९९ रुपये, आणि समोर कुठल्याशा 'टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड'चं नाव, जे घरात कोणी ऐकलेलंही नव्हतं. आई इतकी घाबरली की तिने कार्ड कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवून दिलं. मी तिच्या फोनचे मेसेज उघडून शोधात नुसतं 'मॅन्डेट' टाकलं, म्हणजे आपोआप पैसे कापायला आपण दिलेली परवानगी. सात मेसेज निघाले. अमुक तारखेला इतके पैसे कापले जातील असं बँक दर महिन्याला कळवत होती, जाहिरातींच्या गर्दीत ते तिने वाचलेच नव्हते. मेसेजमध्ये कंपनीच्या नावाखाली ॲपचं नाव होतं. भजनांचं ॲप. सात दिवस १ रुपयात म्हणून घेतलं, आवडलं नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. "अरे, मी ते कधीच काढलं होतं," असं ती दोनदा म्हणाली. फोनवरून ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. यात मी तिला दोष देत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'चे, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ॲप-वेबसाइटच्या मांडणीचे, १३ प्रकार जाहीर केले, त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' हा स्वतंत्र प्रकार आहे. घेणं एका बोटावर आणि सोडणं चार पानं आत दडवलेलं, ही अडवणूकच आहे. रद्दच करू देत नसतील तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

तुम्हीही सुरुवात मेसेजपासून करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरच्या अशा आपोआप वजावटीची सूचना किमान २४ तास आधी यावी लागते आणि त्यात कोण, किती, कशासाठी हे असावं लागतं. मग ईमेलमध्ये '२९९' शोधा, इंग्रजी आकड्यांत. स्टेटमेंटवर कधी ॲपऐवजी मूळ कंपनीचं, तर कधी रेझरपे, पेयूसारख्या पेमेंट गेटवेचं, म्हणजे पैसे पोहोचवणाऱ्या मधल्या कंपनीचं, नाव छापून येतं, त्यामुळे नुसत्या नावावरून अंदाज बांधू नका. गूगल प्लेमध्ये आणि आयफोनच्या सेटिंग्जमध्ये सबस्क्रिप्शनची यादी असते, तीही बघा. घरातल्या सगळ्यांना विचारा, विशेषतः मुलांचा टॅब तुमच्या कार्डाला जोडलेला असेल तर. सापडलं की ॲपमधून रद्द कराच, शिवाय बँकेच्या ॲपमध्ये जाऊन मॅन्डेटही काढा. आईचं आम्ही दोन्हीकडून बंद केलं.

आपणच घेतलेलं निघालं तर "मी केलंच नाही" अशी तक्रार मात्र करू नका. ती खोटी ठरते आणि पुढे खरी फसवणूक झाली तर तुमच्याच शब्दाला किंमत राहत नाही.

काहीच सापडलं नाही तर आता कार्ड ब्लॉक करा आणि बँकेला कळवा. नंबर कार्डाच्या मागचाच घ्या. नेटवर शोधलेला कस्टमर केअरचा नंबर भामट्यांचा असू शकतो. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे चूक ना तुमची, ना बँकेची, आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत येतं. त्यानंतर बँकेचं धोरण लागू होतं, म्हणून पहिल्या दोन महिन्यांचे पैसे मिळतीलच असं धरून चालू नका. ताज्या वजावटीसाठी घाई करा. ओटीपी कोणाला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं असतं. फसवणूकच दिसली तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही फोन करा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट.

आणि २९९ च्या रागात अख्खं बिल थकवू नका, व्याज त्याहून जास्त लागेल.

नाव तरीही उलगडलं नाही तर स्टेटमेंटवरची अक्षरं जशीच्या तशी इथे लिहा, मी बघतो. कार्डाचा एकही आकडा लिहू नका.