रोजच्या क्रीम-लोशनमधील कोणत्या घटकांपासून खरोखर सावध राहावे?

पॅराबेन या परिरक्षकांची (उत्पादन खराब होऊ न देणाऱ्या रसायनांची) भीती सर्वाधिक पसरली असली, तरी त्यांपैकी मिथाइलपॅराबेन ठरावीक मर्यादेत सुरक्षित मानले जाते. उलट परिरक्षकच नसलेल्या, पाणी असलेल्या क्रीममध्ये जिवाणू आणि बुरशी सहज वाढतात. माझ्या मते जास्त काळजी मिथाइलआयसोथायाझोलिनोन या दुसऱ्या परिरक्षकाची करावी, कारण त्यामुळे अनेकांना ॲलर्जी होऊन त्वचेचा दाह होतो, आणि म्हणूनच लावल्यावर धुतल्या न जाणाऱ्या उत्पादनांत त्याच्या वापरावर युरोपीय संघाने २०१७ पासून बंदी घातली आहे. संवेदनशील त्वचेसाठी सुगंधविरहित उत्पादन बरे. सर्वांत गंभीर धोका मात्र रंग उजळवणाऱ्या काही क्रीममधील पाऱ्याचा आहे. तो त्वचेतून शरीरात शोषला जाऊन मूत्रपिंडांना इजा करू शकतो, त्यामुळे घटकांची यादी न छापलेले असे क्रीम कृपया वापरूच नका.