हात म्हणजे खेळणं, हे चिकूला शिकवलं कोणी?

प्रश्न : आमचा बोका चिकू सात महिन्यांचा आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला तेव्हा जेमतेम महिन्याचा असेल. आता तो सोफ्याखाली दबा धरून बसतो आणि मुलं पळाली की त्यांच्या पोटऱ्यांना झोंबतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. संध्याकाळी तर नुसता उच्छाद असतो. परवा त्याने मुलाचा हात धरला, चावला आणि मागच्या पायांनी रक्त येईस्तोवर ओरबाडलं. सासूबाईंनी हळद दाबली. पाणी फवारून झालं, नाकावर टपल्या मारून झाल्या, तो आणखीच चवताळतो. सासूबाई म्हणतात, मंडईत नेऊन सोडा. चिकू हिंस्र झालाय का?
– एक आई, चिंचवड

उत्तर : चिकूचं नंतर बघू, आधी मुलाच्या हाताचं. डॉक्टरांना दाखवलं नसेल तर अंक बाजूला ठेवा आणि आजच्या आज जा. ‘घरातलंच मांजर आहे हो, बाहेर कुठे जातं?’ हे वाक्य मी दवाखान्यात इतक्यांदा ऐकते की आता नुसती मान हलवते. रक्त काढणारा चावा किंवा ओरखडा रेबीजच्या हिशेबात तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर गटात मोडतो. त्यात लसीबरोबर जखमेत टोचायचं सीरमही लागू शकतं. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. चिकूचं लसीकरण झालं असेल तर कार्ड सोबत न्या. मुलाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवतात हे खरं, पण मुलाचे उपचार सुरू करून. तोवर हातावर हात ठेवून बसायचं नसतं. चिकूला लस दिलेली नसेल तर हे दहा दिवस नीट पार पडले की त्यालाही टोचून घ्या.

आणि हळद नको. चुना, तिखट, तेल, काही नको. चावा असो वा बोचकारा, नळाच्या धारेखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायचं, घड्याळात बघून. पोरगं रडेल, रडू दे. मांजराचे सुळे बारीक असतात, त्यामुळे वरून नुसतं टिंब दिसतं आणि जंतू आत खोलवर जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी हात सुजून ठणकायला लागला तर पुन्हा दाखवा. पुढच्या काही आठवड्यांत काखेत गाठ किंवा ताप आला तरी ‘मांजराने बोचकारलं होतं’ हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. बोचकाऱ्यातून होणाऱ्या या गाठी-तापाच्या आजाराचे जंतू मांजरात पिसवांमुळे पसरतात, म्हणून चिकूच्या पिसवांचं औषध चुकवू नका.

आता चिकू. हिंस्र वगैरे काही नाही. दबा, झडप, पुढच्या दोन्ही पायांनी मिठी, चावा आणि मग मागच्या पायांच्या लाथा: ही शिकारीची तालीम आहे, पायरी न पायरी. फक्त उंदराच्या जागी तुमच्या लेकाचा हात आला. रागावलेलं मांजर वेगळं ओळखू येतं. कान मागे चपटे पडतात, ते गुरगुरतं, फिसकारतं, अंग चोरतं. खेळणारं मांजर बहुतेक वेळा गप्प असतं. तुम्ही इतकं सगळं लिहिलंत, पण चिकूच्या आवाजाबद्दल एक शब्द नाही. त्यावरूनच मी हा खेळ धरून चालले आहे. कान पाडून गुरगुरत अंगावर येत असेल तर मात्र त्याला घेऊन दवाखान्यात या.

पण खेळात इतका जोर का? पिल्लं एकमेकांशी झोंबतात तेव्हा एखाद्याने जास्त जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ सोडून निघून जातं. आईही पंजा मारते. किती चावलं म्हणजे खेळ मोडतो, हे पिल्लू पहिल्या दोन-तीन महिन्यांत असं शिकतं. चिकू महिन्याचा असतानाच एकटा पडला, त्याला हे शिकवणार कोण? तुम्ही लिहिलं नाहीत, पण पैज लावते, तो मुठीएवढा होता तेव्हा घरातलं कोणीतरी गोधडीखाली बोटं हलवून त्याला झडपा घालायला लावत असणार. बहुतेक घरांत हे काम बाबांकडे असतं. तेव्हा सगळे हसतात. सहा महिन्यांनी तोच खेळ, तेच हात, फक्त बोका मोठा झालेला.

टपलीचा उपयोग का होत नाही तेही यातच आलं. टपली मारणारा हात म्हणजे पुन्हा हलणारा हातच. एकतर त्याला वाटतं, गडी खेळात उतरला, नाहीतर तो तुम्हाला घाबरायला लागतो, आणि घाबरलेलं मांजर जास्त चावतं. पाण्याच्या फवाऱ्याचंही तेच.

म्हणून आजपासून हातापायांशी खेळ बंद, आजी-आजोबा आणि येणारे-जाणारे पाहुणे धरून. एकाने जरी चोरून बोटं नाचवली तरी बाकीच्यांची मेहनत पाण्यात.

खेळ थांबवायचा नाही, अंगावरून काढून दुसऱ्या वस्तूवर न्यायचा. दीड-दोन हात लांब काठी घ्या, टोकाला जुन्या सुती कापडाची पट्टी घट्ट बांधा. दोरा, लोकर, मांजा, रबरबँड नको; गिळलं तर आतडी गोळा होतात आणि ऑपरेशनची वेळ येते. ही काठी मुलीच्या ताब्यात द्या. मुलं हमखास करतात ती चूक म्हणजे कापड मांजराच्या तोंडासमोर नाचवणं. उंदीर कधी मांजराच्या तोंडाकडे धावतो का? कापड त्याच्यापासून दूर, जमिनीलगत सरपटत न्यायचं. सोफ्याच्या कोपऱ्याआड अर्धं लपवायचं. थांबायचं. जरासं खुसखुसवायचं. चिकूचा मागचा भाग डुलायला लागला की समजायचं, आता झडप येणार. आणि अधूनमधून कापड त्याला पकडू द्यायचं. सारखं हुकलं तर तो वैतागून पुन्हा पायांकडे वळेल. खेळ झाला की काठी कपाटात. धाकट्याला पॅसेजमध्ये टेबल टेनिसचा चेंडू फेकायचं काम द्या. आणि बाबांच्या जुन्या लांब मोज्यात चिंध्या ठासून गाठ मारा. मिठी मारून लाथा झाडायची हुक्की आली की तो मोजा चिकूच्या पोटाशी सरकवायचा.

वेळ महत्त्वाची. मांजरांना पहाटे आणि तिन्हीसांजेला चेव येतो, आणि नेमकी त्याच वेळी तुमची मुलं खाली खेळून घरात पळत येतात. ती यायच्या आधी मोठ्या माणसाने दहा-पंधरा मिनिटं चिकूला दमवायचं आणि लगेच त्याचं जेवण वाढायचं. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा मांजराचा ठरलेला क्रम आहे, तो आपल्या सोयीने लावून घ्यायचा.

तरीही त्याने धरलंच तर हात ओढायचा नाही. ओढला की नखं फाडत जातात. मुलांना सांगा, चिकूने पकडलं की ‘स्टॅच्यू’. हात ढिला सोडायचा, जमलं तर किंचित त्याच्याच बाजूला ढकलायचा. पकड सैल होते. किंचाळून पळणं ही तर त्याला मेजवानीच. चार वर्षांच्या मुलाला ऐन वेळी हे आठवेलच असं नाही, तेव्हा सध्या तो आणि चिकू एका खोलीत एकटे नकोत.

नखांची टोकं दोन-तीन आठवड्यांनी कापा, पहिल्यांदा दवाखान्यात शिकून घ्या. नखं कायमची काढता येतील का, असं काही पालक विचारतात. त्यात बोटाचं शेवटचं हाडच छाटतात. मी करत नाही. नसबंदीचं वय झालंय, उरकून टाका. खेळ त्याने थांबणार नाही, पण भटकणं, मारामाऱ्या आणि भिंतींवर फवारे मारणं बरंच आटोक्यात राहतं. खरं तर त्याच्याच वयाचा जोडीदार आणणं हा चांगला उपाय आहे, पण सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवणार असाल तर एवढं वाक्य गाळा. मंडईचं म्हणाल, तर पाळलेल्या प्राण्याला उपाशी मरायला असं सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. हे मात्र जरूर वाचून दाखवा.

प्रश्न : आमची मनी बारा वर्षांची. नातवंडं दर मे महिन्यात येतात, तिला उचलून फिरवतात, ती काही बोलायची नाही. यंदा उचललं की पंजा मारते, एकदा चावलीही. म्हातारपणी हा खेळकरपणा कुठून आला?
– एक आजोबा, रत्नागिरी

उत्तर : आजोबा, हा खेळ नव्हे. इतकी वर्षं सोसणारी मांजर अचानक चावते तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी दुखत असतं. या वयात सांधे, दात आणि हिरड्या आधी तपासून घ्यायच्या. ती दिवाणावर एका उडीत चढते की आधी खुर्चीवर, मग दिवाणावर? खाताना मान वाकडी करते का? एवढं बघून ठेवा आणि तिला डॉक्टरांकडे न्या. नातवंडांना म्हणावं, उचलायचं नाही. ती जवळ आली तर हनुवटीखाली आणि गालांवर खाजवायचं, पोटाला हात लावायचा नाही, शेपटी आपटायला लागली की हात मागे. चाव्याचं म्हणाल तर वर चिंचवडच्या ताईंना सांगितलं तेच. नातवाला आधी डॉक्टरांकडे न्या. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तिला अजिबात देऊ नका. एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते.