घोड्याला मालिश केल्याने खरंच फायदा होतो, की नुसतं फॅड आहे?

फायदा होतो, पण ते औषध नव्हे. घोड्याची निगा राखणारा मोतद्दार रोज दाबून खरारा करतो, म्हणजे ब्रशने अंग घासतो, तीही अर्धी मालिशच.

घोड्याला हासळीचं (गळ्याखालून खांद्याला जोडणारं) हाड नसतं. पुढचे पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेले असतात, आणि उभ्या घोड्याचं साधारण ६०% वजन त्यांच्यावरच पडतं. माथेरानच्या चढउतारावर दिवसभर माणसं वाहणाऱ्या घोड्याचे खांदे आखडणारच; मालिशची पहिली जागा तीच. दुसरी जागा खोगिराखालची, कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू. हाडावर कधीच दाबायचं नाही.

सुरुवात आयाळ संपते त्या उंचवट्यापासून करा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. तिथे खाजवलं की हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. तळहाताने सावकाश दाबत जा. खालचा ओठ लोंबला, जांभई आली, ओठ चाटले की बरोबर चाललंय. कान मागे गेले, शेपटी आपटली किंवा कातडी थरथरली तर दाब कमी करा. (आणि मागच्या पायांच्या टप्प्यात उभे राहू नका!)

ताप, गरम सूज, जखम, पोटदुखी किंवा लंगडणं असेल तर हात लावू नका, पशुवैद्याला बोलवा. पाठ पुन्हापुन्हा दुखत असेल तर आधी खोगीर तपासा. बसत नसलेलं खोगीर तसंच ठेवून मालिश करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.